हिच मागे राहते, ढील दोरीतच राहते: झाडावर चढताना नेहमी येणारा त्रास आणि तो शोधायचा क्रम

पाय रेटून वर गेलात, कमरेचा हार्नेस सैल झाला, पण हिच, म्हणजे दोरीवर सरकणारी आणि वजन पडलं की आवळणारी गाठ (किंवा तेच काम करणारं यंत्र), होती तिथेच. मग बसायला गेलात आणि वीतभर खाली येऊन धाडकन थांबलात. पुण्यात जुन्या पर्जन्यवृक्षांची आणि आंब्यांची छाटणी करताना हा त्रास मी स्वतः भोगलाय, आणि नंतर शिकायला आलेल्या बहुतेक सगळ्यांच्या दोरीवर बघितलाय. जवळपास प्रत्येक जण एकच निदान घेऊन येतो: "यंत्रात दोष आहे, थोडं घासून घेऊ का?" नका घासू. कारण बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी असतं.

आधी तुमचं लक्षण यातलं कोणतं ते ठरवा.

१. बसताना हिच पकडते, पण बरंच खाली आल्यावर.
२. दर पावलाला एक हात हिच वर ढकलण्यातच जातो, करवतीसाठी हात उरत नाही.
३. जमिनीपासून पहिले दोन-तीन मीटर त्रास, पुढे आपोआप सुरळीत.
४. सरळ चढताना ठीक, पण आडव्या फांदीच्या टोकाकडून खोडाकडे परत येताना ढील साठते.
५. हिच वर येते, पण पलीकडच्या दोरीला झोल पडलेला दिसतो.
६. हिच इतकी चावते की सोडवायला दोन्ही हात लागतात.
७. वजन टाकलं तरी हिच सरकत राहते, उशिरा पकडते किंवा पकडतच नाही.

सातवं लक्षण या यादीत फक्त ओळखता यावं म्हणून आहे. ते दिसलं तर ढिलीचा विचार सोडा. झाडावर असाल तर लॅनयार्ड, म्हणजे हार्नेसला जोडलेला आखूड दोर, खोडाभोवती टाकून वजन त्याच्यावर घ्या, हिच नव्याने बांधा किंवा वेगळ्या साधनावर उतरा. जमिनीवर असाल तर चढूच नका.

ढिलीचं एवढं काय, असं वाटत असेल तर एक आकडा सांगतो. आपण वापरतो त्या कमी ताणल्या जाणाऱ्या दोऱ्यांची युरोपीय मानकं ईएन १८९१ नावाने ओळखली जातात. त्यातल्या ए प्रकारच्या दोरीला १०० किलोचं वजन फॉल फॅक्टर ०.३ ने पाडून बघतात, आणि बसणारा झटका ६ किलोन्यूटनच्या आत असावा लागतो. फॉल फॅक्टर म्हणजे पडण्याचं अंतर भागिले वर असलेली दोरी. तुमच्या डोक्यावर दहा मीटर दोरी असेल तर वीसेक सेंटिमीटरची ढील जाणवेल, पण दोरी ती पचवेल. शेंड्याजवळ अँकरखाली, म्हणजे दोरी वर जिथे टेकलीय त्या जागेखाली, मीटरभरच दोरी उरली असेल तर तेवढीच ढील ०.२ होते. म्हणजे जी ढील खाली नुसता वैताग आणते, तीच वर मणक्याला आणि फांदीला झटका देते. या दोऱ्या पडणं झेलायला बनवलेल्याच नाहीत, त्या टांगून राहायला बनवल्यात.

उपायाआधी मोजून घ्या

एक चिकटपट्टी पुरते. जमिनीपासून गुडघाभर उंचीवर दोरीवर टांगा. पाय कशावर तरी ठेवून सरळ उभे राहा, हिच नेहमीसारखी वर येऊ द्या, आणि हिचच्या वरच्या कडेशी दोरीवर पट्टी चिकटवा. मग हळू बसा. पट्टी आणि हिच यांमध्ये पडलेलं अंतर म्हणजे तुमचा तोटा. माझ्या दोरीवर चार बोटांपर्यंत मी काही करत नाही. वीतभर असेल तर कारण शोधतो. प्रत्येक बदलानंतर हेच मोजा, आणि एका वेळी एकच बदल करा. दोन बदल एकत्र केलेत तर कशाने सुधारलं ते कळत नाही.

दोरीचं शेपूट

तिसरं लक्षण असेल तर नव्वद टक्के काम इथेच संपतं, आणि फुकटात. एकेरी दोरीवर (म्हणजे वर पक्क्या केलेल्या एकाच पदरावर) चढताना हिच किंवा यंत्र वर जातं तेव्हा खालची दोरी त्यातून निसटायला हवी. ती निसटते खाली लोंबणाऱ्या दोरीच्या वजनामुळे. जमिनीजवळ लोंबणारी दोरीच नसते, त्यामुळे यंत्राबरोबर शेपूटही उचललं जातं. दहा मीटरवर गेलात की खालच्या दोरीचं वजन आपोआप काम करतं. यंत्राला दोष देणारे बरेच जण इथेच फसतात, कारण तपासणी सगळे जमिनीजवळच करतात.

उपाय: खालच्या माणसाने पहिले तीन मीटर शेपूट हलकं ताणून धरावं. एकटे असाल (एकटे नसावंच, पण ते पुढे) तर फेकदोरीची (फांदीवरून टाकायच्या बारीक दोरीची) अडीचशे-साडेतीनशे ग्रॅमची मऊ पिशवी शेपटाला अडकवा आणि वर गेल्यावर काढून टाका. लोखंडी वजन बांधू नका, खाली माणसं असतात.

शेपूट कुठे अडकलंय का तेही बघा. बेचक्यात पडलेला वेटोळा, बोगनवेलीचा काटा, शेजारच्या कुंपणाची तार. एकदा अर्धा तास हिच तपासल्यावर लक्षात आलं की दोरीच्या शेवटच्या मीटरवर आमचाच पाण्याचा कॅन ठेवला होता.

चीक, डिंक, पाणी

फणस, वड, पिंपळ, उंबर यांचा चीक दोरीला लागला की त्यावर धूळ बसते, आणि आठवड्याभरात दोरीची साल खरखरीत होते. मग हिच प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी अडते. बोटांमधून दोरीचा मीटरभर तुकडा ओढून बघा. अडत अडत येत असेल तर धुवायची वेळ झाली.

कोमट नव्हे, साधं पाणी चालतं. ३० अंशांपेक्षा गरम नको. सौम्य साबण, मऊ ब्रश, आणि सावलीत वाळवणं. फणसाचा चीक हातावरून काढायला आपण खोबरेल लावतो. हातापुरतं ठीक आहे, पण दोरीला हात लावण्याआधी ते साबणाने धुऊन टाका. दोरीवर तेल, मेण, ग्रीस, रॉकेल यांतलं काहीही नको. "जरा गुळगुळीत होईल" म्हणून दोरीला मेणबत्ती चोळणारा माणूस मी पाहिलाय. गुळगुळीत झाली, आणि मग हिच पकडेनाशी झाली.

हिचखालची कप्पी, म्हणजे पुली, जुन्या टूथब्रशने धुवा. बोटाने फिरवल्यावर खरखर आवाज आला तर आत माती आहे. आणि जूनमधल्या पहिल्या पावसानंतर हिचचं वागणं बदललं तर घाबरू नका. भिजलेली दोरी आणि भिजलेली कॉर्ड (हिच बांधायचा बारीक दोर) दोन्ही फुगतात, पकड घट्ट होते. त्या दिवशी वेढा कमी करायचा मोह टाळा. वाळल्यावर तोच वेढा कमी पडेल.

दोरी आणि यंत्राचा व्यास

यांत्रिक साधनावर किती मिलिमीटरची दोरी चालेल ते कोरलेलं असतं. पेट्झल कंपनीच्या झिगझॅग या यंत्राला ११.५ ते १३ मिलिमीटरची दोरी लागते. पण दोरीच्या लेबलवरचा आकडा नव्या दोरीचा असतो. वर्षभर वापरलेली, धुतलेली, केस निघालेली दोरी फुगते. व्हर्नियर कॅलिपर लावून तीन-चार ठिकाणी मोजा. १३ ची दोरी वापरून साडेतेरा झाली असेल तर यंत्र अडणारच, आणि त्यावर इलाज यंत्राचा नाही, दोरीचा.

हार्डवेअरच्या दुकानातली नायलॉनची पिवळी दोरी किंवा चावीला लावायचे कॅराबिनर (उघडझाप होणाऱ्या कड्या) या चर्चेत येतच नाहीत.

हिच: बहुतेक दोष इथे सापडतो

ज्यांच्याकडे यांत्रिक साधन नाही आणि कॉर्डची हिच आहे, त्यांनी इथे वेळ काढावा. कार्ल प्रुसिकने १९३१ मध्ये आपली गाठ मांडली, तेव्हापासून तत्त्व तेच आहे: बारीक दोर जाड दोरीभोवती गुंडाळायचा, खालून ओढ पडली की वेढे आवळतात, वरून ढकललं की सैल होतात. प्रुसिक आणि ब्लेक या गाठी भरवशाच्या आहेत, पण ढील ओढण्यात आळशी. त्यांच्याकडून ते काम करून घेण्याची धडपड करण्यापेक्षा व्हीटी बांधायला शिका. तिचं पूर्ण नाव व्हाल्दोतां त्रेस. इटलीतल्या आओस्ता दरीवरून पडलेलं, आणि फ्रेंचमध्ये त्रेस म्हणजे वेणी. बघितलीत तर नाव पटतं: वर वेढे, खाली दोन पदरांची वेणी. वेढे पकडतात, वेणी हिचला उघडायला मदत करते.

बघायच्या गोष्टी:

वेढे एकमेकांवर चढलेत का? चढलेला वेढा म्हणजे कायमची चावलेली हिच, सहावं लक्षण. सोडा, परत बांधा, प्रत्येक पदर अंगठ्याने सपाट बसवा.

कॉर्डची लांबी बरोबर आहे का? आठ मिलिमीटरच्या कॉर्डला डोळ्यापासून डोळ्यापर्यंत (म्हणजे एका टोकाच्या फासापासून दुसऱ्या टोकाच्या फासापर्यंत) साधारण ७० ते ८० सेंटिमीटर लागतात. लांब कॉर्ड बांधली की हिच बांधून झाल्यावर तिच्या खाली, कप्पीच्या वर, मोकळी जागा राहते. चढताना कप्पी आधी ती मोकळी जागा पार करते, मग हिचला ढकलते. ती जागा म्हणजेच तुमची वीतभर ढील. माझा हिशोब असा: हिचवर वजन असताना खालच्या कडेपासून कप्पीपर्यंत दोन बोटं, त्याहून जास्त नको. अगदी चिकटूनही नको, नाहीतर हिच पकडायच्या आधी कप्पीच तिला वर ढकलून ठेवते.

पहिल्या लक्षणात बहुतेकांना हीच एक दुरुस्ती पुरते. नवी कॉर्ड घ्या, पाच सेंटिमीटर आखूड घ्या, मोजा. शिवलेला डोळा असलेली कॉर्ड घरी कापून त्याला गाठ मारू नका. योग्य लांबीची दुसरी घ्या. तिची किंमत झाडावरच्या एका दिवसाच्या मजुरीपुढे काहीच नाही.

कॉर्ड नवीन असेल तर ती ताठ असते, रुळायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर एक वेढा कमी करण्याची घाई नको.

आणि चकाकी. कॉर्डच्या आतल्या बाजूला काचेसारखा कडक, गुळगुळीत डाग दिसला तर ती वेगाने उतरताना वितळलेली आहे. नायलॉन आणि पॉलिएस्टर साधारण २२० ते २६० अंशांच्या दरम्यान वितळतात, डायनीमा हा धागा तर साधारण १५० अंशांनाच. म्हणून हिचची कॉर्ड ॲरामिड या उष्णता सोसणाऱ्या धाग्याच्या आवरणाची घ्यायची. ॲरामिड वितळत नाही. चकाकी आलेली कॉर्ड टाकून द्या. ती घासून परत मऊ होत नाही.

कप्पी, कॅराबिनर, ब्रिज

चौथं लक्षण, म्हणजे फांदीवरून परत येताना ढील साठणं, जवळजवळ नेहमी हिचखालच्या कप्पीशी संबंधित असतं. एका हाताने शेपूट ओढलं की कप्पीने हिचला खालून सरळ ढकलायला हवं. कप्पी तिरकी झाली, कॅराबिनर आडवा फिरला की ढकल तिरपी लागते आणि हिच अडते. आरशासमोर किंवा मोबाइलवर चित्रण करून बघा. स्वतःच्या छातीसमोरची हालचाल स्वतःला नीट दिसत नाही.

इथे ज्या गोष्टी भार घेत नाहीत, त्यांत बदल करायला मोकळीक आहे. कॅराबिनर जागेवर धरणारा रबरी कीपर लावा. हिचखाली कप्पीच नसेल तर छोटी कप्पी लावा, ती फक्त ढकलण्यासाठी. तुमचा जीव तिच्यावर टांगलेला नसावा, आणि तिच्यासाठी मुख्य कॅराबिनरमध्ये गर्दी करून तो तोंडावर, म्हणजे उघडणाऱ्या बाजूवर, भार घेईल अशी रचना नको.

हार्नेसचा ब्रिज, म्हणजे पुढची दोरीची कमान, जितकी लांब तितकी हिच अंगापासून दूर आणि तितकीच ढील जास्त. हार्नेसच्या सूचनापुस्तिकेत आखूड करण्याची मर्यादा दिलेली असते, त्या मर्यादेत आखूड करून बघा. फार आखूड केलीत तर फांदीवर वळता येत नाही, हे पहिल्याच दिवशी कळेल.

वरचा टेकू

पाचवं लक्षण. हिच गुणी मुलासारखी वर येते, पण पलीकडची दोरी लोंबते. दुहेरी दोरीच्या पद्धतीत (दोरी फांदीवरून जाऊन दोन पदरांनी खाली येते) तुम्ही एक मीटर वर गेलात की हिचमधून दोन मीटर दोरी जावी लागते, आणि त्यातला अर्धा भाग फांदीवरून फिरून यायला हवा. दोरी उघड्या सालीवर असेल तर ती फिरत नाही. मग बसल्यावर झोल एकदम बाहेर येतो. दोन बेचक्यांमधून दोरी गेली असेल तर घर्षण बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतं.

वर नजर टाका, तेवढंच. फांदीवर कड्यांचा किंवा कप्पीचा फ्रिक्शन सेव्हर, म्हणजे दोरी सालीवर न घासता फिरू देणारा पट्टा, लावा. झाडाची सालही वाचते, सालीखालचा वाढणारा थर घासला जात नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवा: साल तुमच्या वजनाचा काही भाग धरत होती. कप्पी लावल्यावर तो भाग हिचवर येतो. काल चार वेढ्यांवर घट्ट बसणारी हिच आज घरंगळू शकते. जमिनीजवळ टांगून बघा, गरज पडली तर एक वेढा वाढवा.

छातीचा इलॅस्टिक

एकेरी दोरीवर रोप रेंच (हिचच्या जोडीने भार वाटून घेणारं यंत्र) किंवा तत्सम साधनाने चढणारे यंत्राचं डोकं छातीच्या पट्ट्याला इलॅस्टिकने बांधतात. छाती वर गेली की यंत्र वर, दुसऱ्या लक्षणातला हात मोकळा. झकास उपाय, आणि यातच मी एकदा स्वतःला फसवलंय.

इलॅस्टिक आखूड ठेवला होता, चढायला लोण्यासारखं. गुडघाभर उंचीवर मागे रेललो, आणि सरळ जमिनीवर बसलो. कारण सोपं होतं: हिचच्या डोक्यावर खाली ओढ पडली की हिच सुटते, उतरताना आपण हाताने तेच करतो. मागे रेलल्यावर छाती मागे आणि खाली जाते; आखूड इलॅस्टिकने माझ्यासाठी ते काम केलं. दहा मीटरवर झालं असतं तर हे लिहायला मी नसतो.

म्हणून इलॅस्टिक बांधलात की: सरळ उभे राहिल्यावर ताणलेला, पूर्ण मागे रेलल्यावर लोंबता. दोन्ही जमिनीजवळ तपासा, कडेला वाकूनही. जोड अशा दोऱ्याने करा की हाताने झटका दिला की तुटेल. गळ्यात अडकवू नका, छातीच्या पट्ट्यालाच लावा. काम करायला जागेवर पोचलात की काढून टाका.

ज्याला हात लावायचा नाही

भार घेणारा धातू. भोक पाडणं, कानस मारणं, स्प्रिंग बदलणं, कड्या घासून पातळ करणं, जास्त मोठा पिन घालणं, वेल्डिंग. एका वापरलेल्या यंत्राला कुणीतरी इलॅस्टिक बांधण्यासाठी चार मिलिमीटरचं भोक पाडलं होतं. दिसायला व्यवस्थित, कडा घासून गोल केलेल्या. पण त्या भोकाभोवतीचा धातू आता किती भार घेतो ते कुणालाच माहीत नाही, बनवणाऱ्यालाही नाही. ते यंत्र आता माझ्या भिंतीवर खिळ्याला आहे, शिकणाऱ्यांना दाखवायला.

इथे थांबा, माणूस बोलवा

हिच एकदा जरी सरकली आणि कारण सापडलं नाही, तर चढणं बंद. सुटी कॉर्ड बदलून जमिनीजवळ वीस वेळा बसून बघा. त्यात एकदा जरी सरकली तर दोरी, कॉर्ड, यंत्र सगळं दोऱ्यांवर काम करणाऱ्या प्रशिक्षित तपासनीसाला दाखवा.

यंत्र उंचावरून दगडावर पडलं असेल, त्यावर पडण्याचा झटका बसला असेल, कड्यांमध्ये खाच किंवा केसासारखी भेग दिसत असेल, तर ते तुम्ही तपासायचं नाही. बनवणाऱ्याकडे किंवा तपासनीसाकडे द्या, तोवर वापर नाही.

वर सांगितलेलं सगळं करून झालं आणि पट्टीवरचं अंतर अजून वीतभरच आहे, तर अनुभवी माणसाला तुमच्या समोर, तुमच्याच दोरीवर चढायला सांगा. पाच मिनिटांत कळतं की दोष साहित्याचा आहे की पायांच्या लयीचा.

बचावाचं साहित्य आणि ते वापरता येणारा दुसरा माणूस खाली नसेल तर कुठलीच चाचणी झाडावर करू नका.

फांदीजवळून विजेची तार जात असेल तर ढील कितीही छान ओढली जात असली तरी चढायचं नाही. महावितरणला किंवा तुमच्या भागातल्या वीज कंपनीला कळवा, पुरवठा बंद करून घ्या, आणि ते काम प्रशिक्षित माणसाकडूनच करवा. खोड पोकळ असेल, बुंध्याशी अळंबीचे कडक कंगोरे दिसत असतील तर अँकर कुठे लावायचा हे झाडाच्या जाणकाराने ठरवायचं. शहरात झाड तोडायचं असेल तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. छाटणीचंही पालिकेच्या उद्यान विभागात विचारून घ्या, म्हणजे दोरी बांधून झाल्यावर कुणी येऊन उतरवणार नाही.

पट्टी दोरीवरून काढायला विसरू नका. चिकटपट्टीचा गोंद उन्हात दोरीला धरून बसतो, आणि पुढच्या वेळी हिच नेमकी त्याच जागी अडते.